वकिलाच्या घरचे रुमाल : अमेरिकी फ्रंटियरवरच्या वकिलांचे कौटुंबिक कागद कसे शोधावेत, कसे वाचावेत

२७ जून १८५० रोजी इलिनॉयमधल्या एका वकिलाने रिचर्ड थॉमस नावाच्या गृहस्थांना पत्र लिहून माफी मागितली. उत्तराला उशीर झाला होता. कारण असं : तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते जुन्या टोपीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी नवी टोपी घेतली, जुनी बाजूला पडली आणि तिच्याबरोबर तुमचं पत्रही. हे वकील म्हणजे अब्राहम लिंकन. त्यांचे भागीदार विल्यम हर्न्डन यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. ऑफिसात कागदांचा एक गठ्ठा असे आणि त्यावर लिंकनच्या हातचा शेरा असे की, दुसरीकडे कुठेच सापडलं नाही तर यात बघा.

या विषयात नव्याने येणाऱ्या माणसाने हे आधीच मनाशी धरावं. ज्यांचे कागद आपण शोधणार, त्यांनाच ते धड सापडत नव्हते.

मी इतिहासाची पदवीधर नाही. माझे आजोबा तालुक्याच्या कोर्टात वकील होते. ते गेल्यावर माळ्यावरचे लाल रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथून हा नाद लागला. नंतर काही वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहणं झालं, तेव्हा तिथल्या वकिलांचे रुमाल उघडून पाहिले. हा लेख अशाच हौशी माणसासाठी आहे. इतिहासाचा किंवा कायद्याचा विद्यार्थी असेल तर उत्तमच, पण पुण्यात घरी बसून लॅपटॉपवर सुरुवात करणाऱ्यालाही यातलं बहुतेक जमेल.

फ्रंटियर म्हणजे कुठे आणि केव्हा

हा शब्द सरहद्द म्हणून वाचला की घोटाळा होतो. दोन देशांमधली रेषा इथे अभिप्रेत नाही. गोऱ्या वसाहतीची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड, असा त्याचा अर्थ. त्या कडेपलीकडची जमीन मोकळी नव्हती, तिथे मूळ रहिवाशांची राष्ट्रं होती. त्यांच्याकडून करारांनी आणि जबरदस्तीने घेतलेल्या जमिनीची खातेफोड, विक्री आणि भांडणं यांवरच तिथली वकिली उभी राहिली. म्हणून या कागदांत जमीन पानोपानी भेटते.

कड सरकत असल्यामुळे ठिकाण आणि साल नेहमी जोडीने धरायचं. जॉन ब्रेकिनरिज १७९३ मध्ये व्हर्जिनियाहून केंटकीत आले तेव्हा केंटकी हे फ्रंटियर होतं. एडवर्ड बेट्स १८१४ मध्ये सेंट लुइसला पोचले. कॅन्सस १८५४ नंतर खुलं झालं. थॉमस कॅट्रन १८६६ मध्ये न्यू मेक्सिकोत आले. ‘केंटकीचा फ्रंटियर वकील, १८७०’ असं कुणी लिहिलं असेल तर ते बहुधा चुकलं आहे.

पहिली पायरी : एकच घर निवडा

नवा माणूस हमखास एक चूक करतो. त्याला सगळेच वकील हवे असतात. एक घर घ्या आणि वर्षभर त्याच घरात राहा. मी सुचवेन ती घरं अशी.

ब्रेकिनरिज घराणं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये यांचे कागद आहेत, अठराव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकापर्यंतचे, दोन लाखांच्या वर. केंटकीत आलेले जॉन पुढे अध्यक्ष जेफरसन यांचे अ‍ॅटर्नी जनरल झाले, नातू अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला आणि पुढच्या पिढीतली सोफोनिस्बा ही केंटकीत वकिलीची सनद मिळवणारी पहिली स्त्री. घर मोठं, कागद अफाट. यात पहिल्याच दिवशी उतरलात तर बुडाल. सोफोनिस्बासारखं एकच माणूस धरून उतरलात तर तराल.

एडवर्ड बेट्स यांचं घर. कागद सेंट लुइसच्या मिसुरी हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. हे माझं आवडतं, कारण पुढे सांगेन.

डेव्हिड डेव्हिस. इलिनॉयच्या आठव्या फिरत्या कोर्टाचे न्यायाधीश, पुढे सर्वोच्च न्यायालयात. कौटुंबिक कागद स्प्रिंगफील्डच्या अब्राहम लिंकन प्रेसिडेन्शियल लायब्ररीत आहेत. त्यांची बायकोला, सेराला, लिहिलेली पत्रं नवख्यासाठी सर्वांत सोपी आणि गोड. न्यायाधीश आणि वकील वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, घोड्यावर किंवा बग्गीतून गावोगाव फिरत. एका काळी या फेरीत चौदा काउंट्या होत्या. डेव्हिस चांगलेच वजनदार, रस्ते चिखलाचे, खाणावळी भिकार. हे सगळं पत्रांत येतं आणि कायद्याचा एक शब्द माहीत नसला तरी कळतं.

थॉमस कॅट्रन यांचे कागद अल्बुकर्कीच्या न्यू मेक्सिको विद्यापीठात आहेत. ज्याला स्पॅनिश येतं त्यानेच तिकडे जावं. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातलं युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहानंतर स्पॅनिश आणि मेक्सिकन काळातल्या जमिनींच्या सनदा अमेरिकी कायद्यापुढे सिद्ध कराव्या लागल्या. गावकऱ्यांकडे रोकड नव्हती, वकिलाची फी जमिनीतच द्यावी लागे. अशा व्यवहारांतून कॅट्रन त्या प्रदेशातले सर्वांत मोठे जमीनदार झाले. आपल्याकडच्या इनामांचे कज्जे कुणी वाचले असतील तर त्यांना हे प्रकरण परकं वाटणार नाही.

दुसरी पायरी : कागद नेमके कुठे आहेत

एकाच घरचे कागद एकाच ठिकाणी असतील अशी आशा धरू नका. भाऊ वेगळे होतात तसे कागदही. ओहायोच्या लँकेस्टरचे थॉमस इविंग यांचं उदाहरण घ्या. या घरचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांनी वाढवलेला मुलगा आणि पुढे जावई झालेला जनरल विल्यम टेकुम्सा शर्मन, त्याच्या कुटुंबाचे कागद इंडियानात नोत्र दाम विद्यापीठात. मुलगा थॉमस ज्युनियर कॅन्ससला लेव्हनवर्थमध्ये वकिली करत होता आणि पुढे तिथला पहिला सरन्यायाधीश झाला, म्हणून कॅन्ससच्या संग्रहांतही डोकवायला हवं. (गंमत म्हणजे शर्मननेही लेव्हनवर्थला मेहुण्याबरोबर वकिलीची पाटी लावली होती. त्यात जीव रमला नाही.)

शोध कसा घ्यायचा? आडनाव, त्यापुढे ‘फॅमिली पेपर्स’, त्यापुढे राज्याचं नाव. आर्काइव्हग्रिड ही सामायिक सूची अनेक संग्रहालयांच्या नोंदी एकत्र दाखवते. तिथून मूळ संस्थेच्या पानावर जा आणि ‘फाइंडिंग एड’ नावाची फाइल उघडा. संग्रहाची सूची आणि ओळख असं तिचं स्वरूप असतं. लोक तिथे थेट पेट्यांच्या यादीवर उडी मारतात. मी आधी सुरुवातीची दोन-तीन पानं वाचते. कागद कुणी दिले, केव्हा दिले, कशावर बंधन आहे हे तिथे लिहिलेलं असतं, आणि पुढच्या सगळ्या वाचनाची किल्ली तीच. ‘लिनिअर फूट’ असा आकडा दिसला की घाबरू नका. कपाटाच्या फळीवर पेट्यांनी किती लांबी अडवली आहे याचं ते माप आहे.

‘कुणी दिले’ याला इतकं महत्त्व का, ते लिंकनच्याच कागदांवरून कळतं. १८६५ मध्ये त्यांच्या हत्येनंतर अध्यक्षीय कागद पेट्यांत भरून वर सांगितलेल्या डेव्हिड डेव्हिस यांच्या हवाली झाले आणि इलिनॉयमध्ये ब्लूमिंग्टनला ठेवले गेले. पुढे ते मुलाकडे, रॉबर्टकडे, आले. रॉबर्ट स्वतः वकील. १९१९ मध्ये त्याने ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवले, १९२३ मध्ये रीतसर देऊन टाकले, पण अट घातली की माझ्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं कुणी उघडायचे नाहीत. तो २६ जुलै १९२६ रोजी गेला. पेट्या २६ जुलै १९४७ रोजी उघडल्या. वारस काय देतो, काय मागे ठेवतो आणि कुलूप किती वर्षांचं लावतो, यावर पुढच्यांचा इतिहास ठरतो.

तिसरी पायरी : सोयरीक मांडा

पेट्या मागवण्याआधी वंशावळ काढा, आणि मराठीत काढा. हा सल्ला मी हौसेने देत नाही. इंग्रजीत ‘ब्रदर-इन-लॉ’ या एका शब्दात मेहुणा, साडू, दीर आणि भावोजी चौघे बसतात. त्या काळच्या पत्रांत तर या सगळ्यांना नुसतं ‘ब्रदर’ म्हटलेलं आढळतं. आपल्याकडे चार वेगळे शब्द आहेत, ते वापरा. वहीत ‘साडू’ लिहिलं की कोण कुणाच्या घरात कुठल्या वाटेने शिरला ते झटकन दिसतं.

सेंट लुइसचंच पाहा. एडवर्ड बेट्स यांची बायको ज्युलिया कोल्टर. तिची बहीण कॅरोलाइन ही हॅमिल्टन गॅम्बल यांची बायको. म्हणजे बेट्स आणि गॅम्बल साडू, आणि काही काळ वकिलीतले भागीदारही. हेच गॅम्बल पुढे मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयात बसले आणि १८५२ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लावलेल्या खटल्यात त्यांनी बहुमताविरुद्ध, स्कॉटच्या बाजूने, निकालपत्र लिहिलं. गॅम्बल यांचे कागदही मिसुरी हिस्टॉरिकल सोसायटीतच आहेत. एका साडूच्या पेटीत न मिळालेलं पत्र दुसऱ्याच्या पेटीत मिळण्याची शक्यता चांगली असते. पत्र पाठवलं की ते समोरच्याच्या घरात राहतं, ही साधी गोष्ट पहिल्या वर्षी माझ्या लक्षातच आली नव्हती.

स्प्रिंगफील्डमध्येही तेच. लिंकनचे पहिले भागीदार जॉन टॉड स्टुअर्ट हे त्यांच्या बायकोचे, मेरीचे, आतेभाऊ. निनियन एडवर्ड्स हे साडू. फ्रंटियरवर माणूस एकटा आला असं चरित्रांत वाचायला मिळतं. कागदांत पाहिलं तर आधी थोरला भाऊ आलेला असतो. बेट्स यांचाही आला होता, फ्रेडरिक, मोठ्या सरकारी हुद्द्यावर.

चौथी पायरी : अक्षर लावणं

मोडी शिकलेल्यांना हे सोपं जाईल, कारण अक्षर ‘लावावं’ लागतं ही कल्पना त्यांना नवी नाही. सराव फुकट करता येतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘बाय द पीपल’ नावाचा उपक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. कुणीही घरबसल्या मूळ हस्तलिखित पानाचं चित्र पाहून मजकूर टंकायचा. पहिल्या मोहिमांपैकी एक लिंकनला आलेल्या पत्रांचीच होती. दुसरा वाचक आपली चूक दुरुस्त करतो, त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही. रोज एक पान, असं महिनाभर करा.

काही खाचखळगे आधीच सांगते.

नावं आखडलेली असतात. जे-एन-ओ म्हणजे जॉन. मी पहिल्यांदा ते ‘जुओ’ वाचलं आणि जुओ नावाचा हा कोण परदेशी माणूस म्हणून पंधरा दिवस शोधत बसले. डब्ल्यू-एम म्हणजे विल्यम, जे-ए-एस म्हणजे जेम्स, सी-एच-ए-एस म्हणजे चार्ल्स.

तारखांत ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा महिना, ‘प्रॉक्स.’ म्हणजे पुढचा. ‘तुमचं १४ अल्ट.चं पत्र मिळालं’ असं ३ मार्चच्या पत्रात असेल तर ते पत्र १४ फेब्रुवारीचं. हे चुकलं की सगळा पत्रव्यवहार महिनाभर सरकतो.

कोर्टाच्या कागदाच्या डोक्यावर राज्याचं आणि काउंटीचं नाव, आणि त्यापुढे दोन एस. ‘म्हणजेच’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाचं ते आखूड रूप आहे. कुणाच्या नावाची ती आद्याक्षरं नव्हेत. सहीशेजारी गोलात एल. एस. दिसलं तर तेही नाव नव्हे, शिक्क्याची जागा आहे.

वकिली शब्दांपैकी तीन-चार पुरतात. ‘असम्प्सिट’ म्हणजे कबूल केलेले पैसे दिले नाहीत म्हणून दावा. ‘डिमरर’ म्हणजे तुमची हकीकत खरी धरली तरी कायद्यात दावा बसत नाही, असं प्रतिपक्षाचं म्हणणं. ‘इजेक्टमेंट’ म्हणजे जमिनीच्या ताब्याचा दावा. जुन्या पद्धतीच्या इजेक्टमेंटमध्ये जॉन डो आणि रिचर्ड रो ही नावं येतात. ही माणसं कधी जन्मालाच आली नव्हती, दावा चालवण्यासाठी वकिलांनी कल्पिलेले ते पक्षकार. त्यांची वंशावळ काढू नका.

पत्र पाकिटात नसेल तर नवल करू नका. १८४५ पर्यंत टपाल कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर आकारलं जाई. चारशे मैलांच्या पुढे एका कागदाला २५ सेंट, दोन कागद झाले की दुप्पट, आणि पाकीट म्हणजे आणखी एक कागद. म्हणून पत्राचीच घडी घालून तिच्यावर पत्ता. काटकसरी बायका तर पान भरलं की ते आडवं फिरवून त्याच ओळींवर काटकोनात पुन्हा लिहीत. असं जाळीदार पान समोर आलं तर कागद फिरवा, एकाच दिशेच्या ओळींवर नजर ठेवा, दुसऱ्या दिशेच्या थोड्या वेळाने आपोआप मागे पडतात. १८४५ च्या कायद्याने तीनशे मैलांपर्यंत अर्ध्या औंसाला पाच सेंट असा दर झाला, आणि त्या सुमारानंतर पेटीतली पत्रं एकदम वाढलेली दिसली तर घरात प्रेम वाढलं असा निष्कर्ष काढू नका.

कोर्टाचा कागद हातात आला की आधी पाठ बघा. हे कागद लांबट घड्या घालून कारकुनाच्या अरुंद खणात उभे ठेवलेले असत. बाहेर राहणाऱ्या घडीवर वादी-प्रतिवादीची नावं, दाव्याचा प्रकार, ‘दाखल’ असा शेरा, तारीख आणि कारकुनाची सही. पेशवे दप्तरातल्या पत्राच्या पाठीवर पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची, नोंद असते ना, तसंच. आतला मजकूर ठरावीक साच्याचा असतो, पण कागद कुणाच्या हातात केव्हा गेला ते पाठ सांगते. डिजिटल प्रत बघतानाही शेवटचं चित्र चुकवू नका. ‘कोरी पाठ’ समजून लोक पुढे जातात आणि तिथेच कोपऱ्यात फीचा हिशेब लिहिलेला असतो.

पाचवी पायरी : आधी पैशाचे कागद

भाषणं आणि पुढाऱ्यांची पत्रं बहुतेक छापलेली आहेत. तुम्ही पावत्यांकडे जा. सूचीत त्या शेवटी असतात, ‘फायनान्शियल’ किंवा ‘मिसलेनियस’ अशा कंटाळवाण्या मथळ्याखाली, आणि तिथे गर्दी नसते.

पावत्या वाचल्या की हा वकील प्रत्यक्षात काय करत होता ते कळतं. गावात बँक नाही, असली तर तिच्या नोटांवर भरवसा नाही. मग फिलाडेल्फियाचा व्यापारी आपली थकबाकी वसूल करायला याच्याकडे वचनचिठ्ठ्या पाठवतो. पूर्वेकडचा मालक आपल्या जमिनीचा कर याच्या हातून भरतो. विधवा मुलांचं पालकत्व याच्याकडून करून घेते. लिंकनच्या वकिलीतले निम्म्याहून अधिक खटले कर्जवसुलीशी निगडित होते. १८३७ च्या मंदीनंतर तर सगळे एकमेकांचे देणेकरी झाले, आणि १८४१ चा दिवाळखोरी कायदा १८४२ च्या सुरुवातीला लागू होऊन पुढच्याच वर्षी रद्द झाला. तेवढ्या वर्षभराच्या कागदांत दिवाळखोरीच दिवाळखोरी दिसते. ती वकिलाची खासियत नव्हे, कायद्याची मुदत आहे.

स्वभावही पैशाच्याच कागदात दिसतो, पण एका पावतीवरून माणूस ठरवू नका. २१ फेब्रुवारी १८५६ रोजी लिंकननी क्विन्सीच्या जॉर्ज फ्लॉइड यांना कळवलं की तुम्ही पाठवलेले २५ डॉलर जास्त आहेत, कामाला १५ पुरे, आणि दहाची नोट परत पाठवली. हे पत्र सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्याच वर्षी त्यांनी इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर स्वतःच्या फीसाठी दावा लावला, तो पाच हजार डॉलरचा. पंधरा आणि पाच हजार हे दोन्ही आकडे वहीत एका पानावर हवेत.

सहावी पायरी : घरचा रुमाल पुरा नाही, कोर्टात जा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. घरच्यांनी जपलेला कागद आणि कोर्टात उरलेला कागद समोरासमोर ठेवल्याशिवाय काही लिहू नका. घर अभिमानाचं जपतं. कोर्ट काहीच निवडत नाही, उंदीर आणि वाळवी निवडतील तेवढंच. (आणि सह्यांचे शौकीन. इलिनॉयच्या काउंटी कोर्टांतल्या कागदांवरून लिंकनची सही कातरून नेल्याचे चौकोन आजही दिसतात.)

लिंकनच्या वकिलीचे कागद असेच जमवावे लागले. १९८५ पासून संशोधकांनी इलिनॉयच्या काउंटी कोर्टांतले गठ्ठे एकेक करून उघडले आणि पाच हजारांवर खटले हाती लागले. २००० मध्ये ते डिजिटल स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि आता ऑनलाइन फुकट पाहता येतात. त्यात १८४७ च्या ऑक्टोबरमधला चार्लस्टनचा एक खटला आहे. केंटकीचा मॅटसन आपले गुलाम इलिनॉयमधल्या शेतावर राबवायला आणत असे. जेन ब्रायंट आणि तिच्या मुलांनी आपण स्वतंत्र आहोत असा दावा केला. लिंकन मॅटसनच्या बाजूने उभे राहिले. हरले, आणि जेन सुटली. घरची आठवण हा खटला कधी पुढे करणार नाही.

आता बेट्स. सेंट लुइसच्या सर्किट कोर्टात गुलामांनी स्वातंत्र्यासाठी लावलेल्या सुमारे तीनशे दाव्यांचे कागद टिकले आहेत आणि त्यांची चित्रं ऑनलाइन आहेत. मिसुरीच्या कायद्यात अशा अर्जदाराला कोर्टाकडून वकील मिळू शके. पॉली नावाच्या स्त्रीने १८३९ मध्ये स्वतःसाठी दावा लावला आणि जिंकला. मधल्या काळात मुलगी लुसी हिच्यासाठीही लावला. दावा चालू असताना लुसीला सतरा महिन्यांवर तुरुंगात ठेवलं होतं, पळून जाऊ नये म्हणून. १८४४ च्या फेब्रुवारीत तिच्या बाजूने उभे राहिले एडवर्ड बेट्स, आणि ती सुटली. हेच बेट्स स्वतः गुलामांचे मालक होते.

नवख्याने हा खटला एकदा स्वतः शोधून पाहावा, कारण सगळ्या अडचणी त्यात एका जागी आहेत. लुसी डिलेनीने म्हातारपणी, १८९० च्या सुमाराला, आत्मकथन छापलं. त्यात आईचं नाव पॉली बेरी. कोर्टाच्या कागदात तीच पॉली वॉश. गुलामाला मालकाचं आडनाव चिकटवलं जाई, आणि मालक बदलला की आडनावही. एकाच नावाने शोधाल तर निम्मा कागद हातचा जाईल. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. त्यांत मालकाचं नाव असतं, गुलामांचं बहुधा नुसतं वय, लिंग आणि वर्ण. वकिलाच्या घरच्या पत्रात एखादं नुसतं पहिलं नाव येतं, ‘हिला ताप आला’, ‘त्याला शेजारी कामाला दिला’, तेव्हा ते नाव यादीतल्या वयाशी ताडून बघा. मी सोयरिकीच्या वहीत अशा नावांसाठी वेगळं पान ठेवते.

कोर्टाखेरीज आणखी तीन जागा. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर काउंटीचे खरेदीखतांचे आणि मृत्युपत्रांचे रजिस्टर मोफत बघता येतात. खरेदीखतांची सूची विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने असते, आपल्या दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक एकसारखी. वकील वारल्यावरची मालमत्तेची यादी शोधा, त्यात कायद्याच्या पुस्तकांची नावं किमतीसकट येतात. सरकारकडून थेट मिळालेल्या जमिनींचे पट्टे जनरल लँड ऑफिसच्या नोंदींत आहेत. आणि वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’. वकिलांच्या छोट्या जाहिराती पहिल्या पानाच्या डाव्या रकान्यात बघा, भागीदारी कधी जुळली आणि कधी मोडली ते तिथे कळतं. १८९० ची जनगणना मात्र शोधू नका, तिचा बहुतेक भाग १९२१ च्या आगीनंतर हाती राहिला नाही.

प्रत्यक्ष गेलात तर

लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये वाचक-कार्ड फुकट मिळतं, पासपोर्ट चालतो, नागरिकत्व लागत नाही. हस्तलिखितांच्या दालनात पेन, पिशवी, कोट, पाणी काहीही आत नाही. पेन्सिल, लॅपटॉप आणि फ्लॅश बंद केलेला फोन चालतो. एका वेळी एक पेटी, पेटीतून एक फोल्डर, आणि कागदांचा क्रम तसाच ठेवायचा. पेट्या दूरच्या गोदामात असू शकतात, म्हणून आधी कळवून जा. सेंट लुइसला मिसुरी हिस्टॉरिकल सोसायटीचं वाचनालय फॉरेस्ट पार्कसमोर, पूर्वीच्या एका सिनेगॉगमध्ये आहे. वर घुमट, खाली पेन्सिलींची खरखर. एवढ्यासाठीसुद्धा एकदा जावं.

फोटो काढताना आधी फोल्डरच्या लेबलाचा काढा, मग कागदाचा, मग पाठीचा. संग्रह, पेटी, फोल्डर, तारीख हे चार तपशील फाइलच्या नावातच घाला. माझ्याकडे पहिल्या वर्षीचे चारशे फोटो आहेत ज्यांचं मूळ आता मलाच माहीत नाही. टोपीत पत्र ठेवणाऱ्याला हसायचा अधिकार मी तिथेच गमावला.

छापायचं असेल तर : अमेरिकेत अप्रकाशित लेखनाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या वकिलांचे कागद साधारण मोकळे आहेत. तरी चित्र वापरायला संस्था परवानगी किंवा श्रेय मागते, ते विचारून घ्या.

जाणं जमत नसेल तर अभिलेखपालाला ईमेल करा. त्यात ‘मला फ्रंटियर वकिलांविषयी माहिती हवी’ असं लिहू नका, उत्तरात सूचीचा दुवा येईल आणि संवाद संपेल. असं लिहा : अमुक संग्रह, पेटी चार, फोल्डर सात, सूचीत ‘पावत्या, १८४२–४४’ असं दिलं आहे, त्यात किती पानं आहेत आणि दोन्ही बाजू स्कॅन करायला किती खर्च येईल?